एकसारख्या डब्यांनी कपाटातली जागा वाढत नाही

स्वयंपाकघराच्या कपाटांबद्दलचा एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं: कपाटं पूर्ण रिकामी करा, सगळे कोरडे जिन्नस एकसारख्या पारदर्शक हवाबंद डब्यांत ओता, कपाटातली इंच न् इंच भरा, रोजचं सगळं शेगडीला खेटून ठेवा, कोपऱ्यात फिरत्या चकत्या आणि खाली सरकत्या जाळ्या बसवा, वर्षभर हात न लागलेलं टाकून द्या. एवढं केलं की जागा दुप्पट होते म्हणे. सोबत एका नीटनेटक्या कपाटाचा फोटो असतो.

तो फोटो पाहून लोक आधी डबे विकत आणतात आणि मग ते कपाटात कसे बसवायचे याचा विचार करतात. माझा मुख्य आक्षेप या क्रमालाच आहे. जागा नेमकी कुठे वाया जाते हे न बघता केलेली खरेदी उरलीसुरली जागाही खाते, आणि त्याचा त्रास रोज त्या कपाटासमोर उभं राहणाऱ्या माणसाला होतो.

"एकसारखे डबे घेतले की जागा वाचते."

साधी भूमिती घ्या. चौकोनी फळीवर गोल डबे सरळ ओळींत लावले, तर त्या फळीचा जास्तीत जास्त 78.5 टक्के भाग वापरात येतो. उरलेला 21.5 टक्के डब्यांमधल्या फटींत जातो. चौकोनी डबे त्या मानाने बरे, पण त्यांतले बरेचसे तळाशी निमुळते असतात आणि झाकणाची कड बाहेर आलेली असते, म्हणजे तिथेही फट राहतेच.

आकारापेक्षा मोठी अडचण मापाची आहे. घरात कुठलेच दोन जिन्नस सारख्या प्रमाणात येत नाहीत. एकच माप धरलं की काही डब्यांच्या तळाशी मूठभर जिन्नस आणि वर नुसती हवा राहते. काही डब्यांत पुडा पूर्ण मावत नाही, मग उरलेला पुडा रबर लावून मागे सारला जातो. आता एकाच जिन्नसाने दोन जागा अडवल्या. शिवाय पुडा रिकामा होत जातो तसा लहान होतो. डबा भरलेला असो की तळाला गेलेला, तो तेवढीच जागा धरून बसतो.

म्हणून माझं मत असं आहे की डबे थोडेच असावेत, आणि आपण एका वेळी जेवढा जिन्नस आणतो तेवढा पूर्ण मावेल अशा मापाचे असावेत. जे कमी लागतं ते मूळ पुड्यातच, तोंड नीट बंद करून, एका खोक्यात ओळीने उभं ठेवावं. फोटोत ते सुंदर दिसणार नाही, पण जागा खरोखर कमी लागेल.

एकसारख्या खणांची कल्पना मुळातच चुकीची आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. 1926 साली ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की यांनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या नव्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. त्यात जिन्नसांची नावं घातलेले ॲल्युमिनियमचे छोटे खण होते, बाहेर ओढायचे आणि थेट भांड्यात ओतायचे. पीठ मात्र ओकच्या लाकडात ठेवायचं, कारण त्याने पिठातल्या अळ्या दूर राहतात. हे जमलं कारण खण आणि कपाट एकाच वेळी, एकमेकांच्या मापाने आखलेले होते. आपण करतो ते वेगळं आहे: एकाने बनवलेल्या कपाटात दुसऱ्याने बनवलेले डबे कोंबतो.

"पारदर्शक आणि हवाबंद असलं की सामान दिसतं आणि टिकतं."

दिसतं, हे मान्य. किती उरलंय ते एका नजरेत कळतं आणि हा फायदा खरा आहे. पण पुडा फेकताना त्यावरची तारीख जाते, घटकांची यादी जाते, आणि घरात कुणाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर ती यादी फार महत्त्वाची असते. पुड्याचा तेवढा तुकडा कापून डब्याला चिकटवायला एक मिनिट लागतो. तो संदेश हे सांगत नाही.

हवाबंद झाकण बाहेरचा किडा आत येऊ देत नाही, पण धान्याबरोबर आत आलेल्या अंड्यांचं ते काहीच करू शकत नाही. म्हणून जुन्यावर नवं ओतू नये. तळाशी राहिलेलं जुनं तसंच महिनोन् महिने पडून राहतं आणि कीड लागली तर नवंही जातं. डबा पूर्ण रिकामा करून, धुऊन, कोरडा करूनच पुन्हा भरावा.

"इंच न् इंच भरा."

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरी जागा इथेच दडलेली आहे आणि संदेशाने नेमका उलटा सल्ला दिला आहे.

बहुतेक कपाटांत वाया जाते ती वस्तूंच्या डोक्यावरची जागा. समजा, वरचं कपाट आतून 70 सेंटीमीटर उंच आहे आणि मधोमध एकच फळी आहे. फळीची जाडी 1.8 सेंटीमीटर धरली तर दोन्ही कप्पे सुमारे 34 सेंटीमीटरचे होतात. त्यात 10 सेंटीमीटर उंचीचे कप ठेवले की वर 24 सेंटीमीटर हवा. लोक मग कपांवर कप रचतात, ताटांवर वाट्या ठेवतात, आणि खालचं एक काढायला वरचं सगळं उचलावं लागतं. त्याऐवजी आणखी एक फळी टाकून 14, 22 आणि 30 सेंटीमीटरचे तीन कप्पे केले, तर त्याच कपाटात एक अख्खी फळी जास्तीची मिळते. डबा एकही लागत नाही.

अनेक तयार कपाटांच्या आतल्या बाजूंना बारीक भोकांच्या उभ्या रांगा असतात. त्यांतलं अंतर बहुधा 32 मिलिमीटर असतं. पिना काढायच्या, एक-दोन भोकं वर-खाली लावायच्या, की फळी सरकली. कपाट बसवणारा माणूस फळ्या समान अंतरावर लावून जातो आणि त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात, कारण त्या हलवता येतात हेच कुणी सांगितलेलं नसतं. फळी लांब असेल तर मात्र वजनाचा विचार करा. तीच जाडी आणि तेच पसरलेलं वजन ठेवून फळीची लांबी दुप्पट केली, तर मधला झोल आठपट होतो. लांब फळीला मध्ये टेकू हवा किंवा वर हलकंच सामान हवं.

आता इंच न् इंच भरण्याबद्दल. खालची कपाटं साधारण 60 सेंटीमीटर खोल असतात. त्यात मागची ओळही भरली की मागचं सामान दिसत नाही, दिसत नाही म्हणून ते पुन्हा आणलं जातं, आणि जागा आणखी कमी होते. हात जायला आणि वस्तू तिरपी करून काढायला थोडी मोकळी जागा लागतेच. ती मोकळी जागा वाया गेलेली नसते. परात, तवे, झाकणं एकावर एक न ठेवता उभी ठेवली तर त्यासाठी फारच थोडी मोकळी जागा पुरते. न चिकटणारी भांडी एकात एक घालायची असतील तर मध्ये कापड ठेवावं, नाहीतर लेपावर ओरखडे पडतात.

"रोजचं सगळं शेगडीला खेटून."

कालथे, पळ्या, सांडशी, जरूर. तेल आणि मसाले नकोत. उष्णता आणि उजेड यांनी तेल लवकर खवट होतं, मसाल्यांचा वास उडतो, आणि वाफेने भुकटीचे गोळे होतात. शेगडीच्या मागे किंवा बरोबर वर काहीच ठेवू नये. पेटत्या आचेवरून हात लांबवायची वेळ कुणावर येऊ नये.

"फिरत्या चकत्या आणि सरकत्या जाळ्यांनी जागा वाढते."

चौकोनी कोपऱ्यात गोल चकती म्हणजे पुन्हा तेच 21.5 टक्के गेले. ड्रॉवर किंवा ट्रॉली बसवली की दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, ड्रॉवरच्या भिंती आणि तळ यांत रुंदी आणि उंची जाते. आकारमान घटतं, हे आधी कबूल करायला हवं. तरीही खोल खालच्या कपाटासाठी मी ट्रॉलीच्याच बाजूने आहे, कारण मागचं सामान गुडघे टेकून शोधावं लागत नाही. फायदा सोयीचा आहे आणि तो मोठा आहे. वरच्या, कमी खोलीच्या कपाटात मात्र या गोष्टी नुसती अडगळ होतात.

"वर्षभर न वापरलेलं टाका."

मोठं पातेलं वर्षातून एकदाच निघत असेल, पण ज्या दिवशी लागतं त्या दिवशी त्याला पर्याय नसतो. काढायचंच असेल तर भांडं हरवलेली झाकणं काढा, एकाच कामाच्या पाच वस्तूंमधल्या तीन काढा.

संदेशात वजनाचा उल्लेखच नाही, याचं मला सर्वांत वाईट वाटतं. जड भांडी आणि भरलेले डबे गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत हवेत. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांची उंची कमी आहे, त्यांना स्टुलावर चढून जड डबा उतरवायला लावणारी रचना कितीही नेटकी दिसली तरी मला ती मान्य नाही. वर जावं ते मोठं पण हलकं सामान. सिंकखाली खाण्याचं काहीच नको. तिथे ओल असते, कधीतरी पाइप गळतो आणि बहुधा साफसफाईची रसायनंही तिथेच असतात.

सुरुवात मोजपट्टीने करा. प्रत्येक कप्प्यातल्या सर्वांत उंच वस्तूची उंची लिहून घ्या, त्याप्रमाणे फळ्या हलवा, आणि काही आठवडे तसंच वापरून पाहा. त्यानंतरही डबे किंवा जाळी घ्यावीशी वाटली तर कपाटाची आतली रुंदी धरू नका. दार पूर्ण उघडल्यावर बिजागरी आणि दाराची कड सोडून जेवढी वाट मोकळी राहते, ते माप घेऊन दुकानात जा.