पाच वर्षांचं झालं की मूल बापाचं? असा कायदा कुठेच नाहीये

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज आला, घटस्फोटाचे चार नियमवाला. वर्षभर वेगळं राहिलं की लग्न आपोआप मोडतं, मूल पाचाचं झालं की ताबा बापाकडे, नोकरीवाल्या बाईला पोटगी नाही, आणि नवऱ्याची अर्धी प्रॉपर्टी बायकोची. माझ्या मावसबहिणीचा मुलगा जूनमध्ये पाच पूर्ण करतोय, ती हे वाचून रात्रभर रडली. म्हणून लिहितेय. (हे सगळं हिंदू कायद्याचं, बाकी धर्मांचे कायदे वेगळे.)

आधी मुलाचंच. १९५६ च्या पालकत्व कायद्यात कलम ६ मध्ये ताब्याबद्दल एवढंच आहे की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं. पाचनंतर ते बापाला द्या असं कुठेही लिहिलेलं नाही, लोकांनी उरलेलं वाक्य मनाने जोडलंय! त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की मुलाचं हित सगळ्यात वर, म्हणजे कोर्ट बघतं की शाळा कुठे चालू आहे, रोजचं कोण करतं, मूल कोणाजवळ सुरक्षित आहे, आणि मूल समजतं असेल तर त्याला स्वतःला काय वाटतं तेही विचारतात. वाढदिवस झाला म्हणून कोणी पोराला उचलून नेऊ शकत नाही. आणि ताब्याची ऑर्डर कायमची नसते, परिस्थिती बदलली की बदलून मागता येते, आईलाही आणि बापालाही.

लग्न आपोआप मोडतं हे तर साफ खोटं. दहा वर्षं वेगळे राहा, कोर्टाचा हुकूमनामा नसेल तर तुम्ही नवराबायकोच. ते एक वर्ष आहे परस्पर संमतीचा अर्ज करण्याआधी वेगळं राहण्याचं, त्यानंतर सहा महिने थांबायचं, जे २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर योग्य केसमध्ये माफ होऊ शकतात. नोटरीकडे स्टँपपेपरवर सह्या करून पण घटस्फोट होत नाही. काही समाजात काडीमोडीची रूढी कायदा मानतो, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलंत तर ते लग्नच रद्द, वर गुन्हा.

पोटगीचं, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, रजनेश विरुद्ध नेहा, २०२०. बाई कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. रक्कम कमी होऊ शकते, ते खरं.

अर्धी प्रॉपर्टी? ते गोव्याचं. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे आणि लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची मिळून धरतात. महाराष्ट्रात असं आपोआप अर्धं मिळत नाही, एकरकमी पोटगी ठरते ती वेगळी.

मावसबहिणीला म्हटलं, घाबरून कशावरही सही करू नकोस ग. वकिलाची फी परवडत नाही म्हणत होती, पण बाईला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो, जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. सोमवारी आम्ही दोघी जातोय.