हुशारीच्या पुढचं

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी परळ-लालबागच्या चाळींत दुपारपर्यंत मुलांची वाटणी होऊन जाते. काही हुशार, उरलेली बाकीची. "तिसऱ्या मजल्यावरची पोरगी हुशार निघाली." "धाकटा हुशार आहे हो, थोरल्याचं काही खरं नाही." पेढे संपतात, वाटणी संपत नाही. अकरावीच्या प्रवेशापासून लग्नाच्या बैठकीपर्यंत ती माणसाच्या मागे येते. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांवर मारलेला हा शिक्का मला मनापासून खटकतो, आणि का खटकतो ते आज जरा सविस्तर लिहिते.

गिरणगावातल्या एका पतपेढीत माझी सगळी नोकरी झाली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. कर्जाच्या अर्जावर शिक्षणाचा एक रकाना असतो. हा माणूस हप्ते नीट भरेल की थकवेल, हे त्या रकान्यावरून मला कधीच सांगता आलं नाही. पगार किती, जामीनदार कोण, सोनं तारण ठेवणार का, हे सगळं आम्ही तपासायचो. पण माणूस खरा कळायचा तो अडचण आल्यावर.

आमच्या खातेदारांत एक खानावळवाल्या मावशी होत्या. कणकवलीकडच्या, शाळा चौथीपर्यंत. आमचा पिग्मी एजंट, म्हणजे दारोदार जाऊन रोजची बचत गोळा करणारा माणूस, रोज संध्याकाळी त्यांच्या दारात जायचा आणि धंदा कमी झाला असला तरी काहीतरी रक्कम त्याच्या हातावर पडायचीच. एका वर्षी पावसाळ्यात त्यांचे यजमान आजारी पडले, दवाखान्यात पैसा जायला लागला. हप्त्याची तारीख यायच्या आधीच मावशी काउंटरवर हजर, सोबत जामीनदारालाही घेऊन. "मॅडम, या महिन्यात अर्धेच जमतील. गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी असतात, त्याचे आले की राहिलेले भरते." गणपती झाले आणि त्यांनी भरले. वाईट बातमी स्वतःच्या तोंडाने, वेळेआधी, ज्याचं देणं आहे त्याच्यासमोर जाऊन सांगायची. सोपं वाटतं ना? भल्याभल्या पदवीधरांना हे जमताना मी पाहिलेलं नाही. ते फोन उचलत नाहीत, रस्त्यात जामीनदार दिसला तर पलीकडच्या फुटपाथवर जातात, पुढच्या महिन्यात काहीतरी होईल म्हणून थांबतात. आधी येऊन सांगणारी माणसं मात्र सहसा बुडत नाहीत. त्यांना मुदत मिळते, सल्ला मिळतो, लोक त्यांच्या बाजूने उभे राहतात.

त्याच काळातला एक तरुण इंजिनियर आठवतो. शाळेत कायम पहिला, गणितात तर पैकीच्या पैकी. घरदुरुस्तीच्या नावाने पगारावर कर्ज घेतलं आणि ते शेअर बाजारात ऑप्शन्समध्ये घातलं, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर पैज लावल्यासारख्या सौद्यांत. हप्ते थकले तेव्हा त्याला बोलावून घेतलं. त्याने माझ्यासमोर कागदावर आकडेमोड मांडली, आणि ती इतकी स्वच्छ होती की ऐकणाऱ्याला पटावी. प्रत्येक तोट्याला त्याच्याकडे कारण होतं आणि प्रत्येक कारणाचा शेवट आणखी थोडे पैसे घालण्यात होता. त्याची बुद्धी रात्रंदिवस काम करत होती, पण स्वतःची समजूत घालण्याचं. कमी हुशार माणूस दोन-तीन तोट्यांनंतर निमूटपणे बाहेर पडला असता, असं मला आजही वाटतं.

तो एकटा नव्हता. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्स अशा पुढच्या भावावरच्या सौद्यांत उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. एवढे सगळे लोक मठ्ठ होते असं कुणी म्हणू शकेल का? अमेरिकेत तर लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडात मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन हे दोघे भागीदार होते. दोघांना १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि १९९८ मध्ये तो फंड कोसळला. सावरायला मोठ्या बँकांना एकत्र येऊन सुमारे ३६० कोटी डॉलर घालावे लागले.

कीथ स्टॅनोविच हे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच मांडत आले आहेत की बुद्धिमत्ता चाचणीत मिळणारे गुण आणि शहाणपणाने निर्णय घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात असं दिसलं की दुसऱ्याचे पूर्वग्रह दिसणं पण स्वतःचे न दिसणं, हा दोष तल्लख माणसांत कमी नसतो. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तो पोरगा आणि त्याचा कागद आला.

बुद्धीला किंमत नाही, असं मी म्हणत नाहीये. डॉक्टर हुशारच हवा, पूल बांधणारा तर हवाच हवा. आणि ज्यांच्या घरात कुणी शिकलेलं नाही त्यांच्यासाठी परीक्षेतले गुण हाच बऱ्याचदा एकमेव दरवाजा असतो, तो त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ नये. माझं भांडण त्या समजुतीशी आहे की एकदा हुशार ठरला की पुढचं आपोआप होतं, आणि न ठरला तर काहीच होणार नाही.

ही समजूत तपासण्याचा फार मोठा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वी झालाय. लुईस टर्मन या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातली दीड हजाराहून जास्त अतिबुद्धिमान मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. मुलं मोठी झाली, बरीचशी चांगल्या हुद्द्यांवर पोचली. पण त्यांतल्या एकालाही नोबेल मिळालं नाही. ते मिळालं विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ यांना, ज्यांना लहानपणी याच निवडीत चाचणीचे गुण कमी पडले म्हणून वगळलं होतं. मला यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. टर्मन यांनी आपल्याच मुलांमधले, आता प्रौढ झालेले, सर्वांत यशस्वी दीडशे आणि सर्वांत कमी यशस्वी दीडशे पुरुष शेजारी ठेवून पाहिले. बुद्ध्यांकात फरक किरकोळ. फरक होता चिकाटीत, एक ध्येय धरून राहण्यात, आत्मविश्वासात. आणि घरात. यशस्वी गटातल्या वडिलांमध्ये शिकलेले, प्रतिष्ठित व्यवसायातले जास्त होते. हे शेवटचं वाक्य आपण लोक फार पटकन ओलांडून जातो.

कारण चिकाटी चिकाटी म्हणत राहिलं की सगळा भार पुन्हा त्या पोरावरच पडतो. आमच्या परळच्याच मातीतलं उदाहरण घ्या. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. त्यांच्या बुद्धीबद्दल मी काय सांगावं! पण ती बुद्धी बघणारे, ओळखणारे कृष्णराव केळूसकर गुरुजी होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा त्यांनी हेरला, आणि पुढे शिक्षणाचा खर्च झेपेना तेव्हा सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, बी. ए. झालं. १९१३ मध्ये पुन्हा बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ. आणि एवढं सगळं शिकून १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. परत मुंबईत आले. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर सोबतच्या काही प्राध्यापकांना प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांचा हात लागलेला चालेना. जगातल्या उत्तम विद्यापीठाचं शिक्षण घेतलेला माणूस आणि पाण्याचं भांडं! ती भिंत नुसत्या हुशारीने पडली नाही. त्यासाठी चळवळ उभारावी लागली, हजारो माणसं महाडच्या तळ्यावर न्यावी लागली.

म्हणून कुणी म्हणालं, "खरी हुशारी असेल तर माणूस कुठूनही वर येतो," की माझं डोकं तापतं. जे आले ते दिसतात. ज्यांना केळूसकर गुरुजी भेटले नाहीत, ते कुठे दिसणार? गिरण्यांचा १९८२ चा संप झाला त्यानंतर आमच्या आजूबाजूची किती तल्लख पोरं दुकानात, कुरिअरला, रिक्षावर गेली, ते या भागात राहिलेल्यांना विचारा. त्यांच्या डोक्यात काही कमी नव्हतं. घरात पगार येणं बंद झालं होतं.

आणि हुशारीचा शिक्का बसलेल्यांचंही फार बरं होत नाही. त्यांना कुणी "हे मला येत नाही" असं म्हणायला शिकवत नाही. कॉलेजात पहिल्यांदा विषय अडला की ते वर्गात विचारत नाहीत, घरी सांगत नाहीत, कारण आपण हुशार आहोत ना! कंटाळवाणं काम रोज करायचं, दुसऱ्याखाली काम करायचं, शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी नीट बोलायचं, चुकलं की कबूल करायचं, हे गुणपत्रिकेवर नसतं म्हणून घरातही कुणी विचारत नाही. नोकरीत माणूस निम्म्याहून जास्त यावरच तरतो. पतपेढीत आम्ही बढतीसाठी नावं सुचवायचो तेव्हा सर्वांत तल्लख कोण हा प्रश्न क्वचितच यायचा. ज्याला काम सांगितलं की आपल्याला निर्धास्त राहता येतं असा कोण आहे, हे बघायचो.

आमच्या मंडळाचा गुणगौरव समारंभ जवळ आलाय. दरवर्षी नव्वद टक्क्यांच्या वरच्यांना ट्रॉफी, पाकीट, शाल. यंदाच्या सभेत मी तीन नावं सुचवणार आहे. दिवसा मेडिकलच्या दुकानात काम करून रात्रशाळेतून दहावी झालेला मुलगा. गणितात नापास होऊन पुरवणी परीक्षेत सुटलेली मुलगी, आणि तिला रोज संध्याकाळी गॅलरीत बसवून गणित शिकवणारी तिची शेजारीण. खर्च वाढतो म्हणतील तर या तिघांची पाकिटं मी देते. पण नावं स्टेजवरून पुकारली गेली पाहिजेत, आई-वडिलांच्या नावासकट, नव्वदवाल्यांच्या बरोबरीने. परळ-लालबागमधल्या आणखी मंडळांतले कुणी हे वाचत असतील तर तुमच्याकडे अशी कोण पोरं आहेत ते खाली लिहा.