गंगाजळी माझी, आंघोळ त्यांची

"फ्रीलान्सरने सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा" असं सांगणारा पुढचा शहाणा भेटला, की मी माझ्या बिलांची फाइल त्याच्या हातात देणार आहे. बाबा रे, आधी हे वसूल करून आण, मग बोल.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. पुण्यात, भाड्याच्या घरात. महिन्याला ४० हजार धरले तर सहा महिन्यांचे २ लाख ४० हजार. घेतले जमवायला. लॅपटॉपची बिजागरी तुटली तर चिकटपट्टी लावून वापरला, पण अडीच वर्षांत १ लाख ७० हजार साठवले. आणि ते गेले कशात? आजारपणात नाही. काम आटलं म्हणूनही नाही! उलट दिवाळीआधी रात्रीचे दोन-दोन वाजत होते, इतकं काम. त्याचे १ लाख ८६ हजार एका एजन्सीकडे अडकलेत. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी आली. मधले महिने मी काय हवा खाल्ली? साठवलेलं मोडून खाल्लं. म्हणजे मी अडीच वर्षं पोटाला चिमटा काढून त्यांना बिनव्याजी उसने देण्यासाठी पैसे जमवत होते.

फोन केला की ऐका. "मॅडम, बिलावर पीओ नंबर नाहीये." पीओ म्हणजे त्यांची खरेदी-ऑर्डर. अहो, तो तुम्हीच दिला नाहीत. "मग मागवून घ्या ना." मागवला, घातला, परत पाठवलं. "आता पंचवीस तारखेची पेमेंट सायकल गेली मॅडम, पुढच्या वेळी नक्की." पुढच्या वेळी सही करणारे साहेब रजेवर. आणि हे सगळं इतक्या गोड आवाजात, की चिडले तर मीच वाईट.

कहर तर पुढेच आहे. फेब्रुवारीत सहज २६एएस, म्हणजे माझ्या नावे कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा, उघडून पाहिला. त्यात याच एजन्सीच्या नावाने १ लाख ८६ हजार, त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापायचा आयकर, कापलेला, सरकारजमा झालेला! माझं बिल त्यांच्या हिशोबात खर्ची टाकताच टीडीएस कापावा लागतो, प्रत्यक्ष पैसे दिलेले नसले तरी. थोडक्यात, सरकारदरबारी मी कमावती, बँकेत ठणठणपाळ. सरकारचे १८,६०० वेळेत पोचतात, माझे उरलेले तेवढे साहेबांच्या सहीसाठी अडतात.

आई म्हणते, "पोस्टात आरडी काढ, आपोआप साठतं." काढली होती गं, दरमहा हप्ता भरायची ठेव, महिना पाच हजारांची. हप्ता चुकला की शंभराला एक रुपया, म्हणजे ५० रुपये दंड. चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं. नोकरदाराला ठीक आहे, त्याचा पगार एक तारखेला येतो. माझा हप्ता चुकतो कारण समोरच्याने पैसे थकवलेत, आणि दंड भरायचा मी. थकवणाऱ्याला छदामही नाही.

"कायदा आहे ना, उद्यम नोंदणी कर," असंही ऐकवतात. केली आहे. छोट्या उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा मलाही पाठ आहे: जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. वाचायला काय छान वाटतं! पण माझं निम्म्याहून जास्त काम ज्यांच्याकडून येतं, त्यांच्याविरुद्ध तक्रार टाकून पुढच्या महिन्यात मी काय करू, चक्रवाढ व्याजाचं गणित सोडवत बसू?

काल त्याच एजन्सीचा मेल आला. १४ हजार शब्द, गुढीपाडव्याचं कॅम्पेन, "सुपर अर्जंट". मी विचारलं, आधीच्या बिलाचं काय? पाच मिनिटांत उत्तर. बिलाबद्दल यांना इतक्या लवकर कधी सुचलं नव्हतं.

"ते अकाउंट्सचं आहे मॅडम, आम्ही क्रिएटिव्ह."

करतेय. साडेतीन हजार शब्द झालेत.