हेरोद घाबरला, आपण का नाही?

आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाची, पहिली मेणबत्ती पेटली की डोळ्यांसमोर गोठा, तारा, बाळ येतं. माझ्याही येतं. पण पहिल्या रविवारी चर्चमध्ये वाचलं जाणारं शुभवर्तमान (बायबलमधलं येशूचं चरित्र) बाळाचं नसतंच! ते असतं प्रभू येशूच्या पुन्हा येण्याचं. आणि त्याच्या आदल्याच रविवारी ख्रिस्तराजाचा सण झालेला असतो. पोप अकरावे पायस यांनी १९२५ मध्ये तो सुरू केला तेव्हा तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. चर्चच्या दिनदर्शिकेच्या १९६९ च्या फेररचनेत तो उपासनावर्षाच्या अगदी शेवटी, आगमनकाळाच्या उंबरठ्यावर आला. ही जागा मला फार योग्य वाटते. आधी राजा कोण ते ठरवा, मग त्याची वाट बघा.

कारण आपण बाळाची वाट बघतो, राजाची नाही. बाळ काही मागत नाही ना!

मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘यहूद्यांचा राजा’ हे शब्द पहिल्यांदा येतात ते पूर्वेकडून आलेल्या परक्या मागी लोकांच्या (ताऱ्याच्या मागे आलेल्या ज्ञानी लोकांच्या) तोंडी. त्यानंतर थेट रोमन सुभेदार पिलातासमोर, मग टिंगल करणाऱ्या सैनिकांच्या तोंडी आणि शेवटी क्रुसावरच्या दोषपत्रावर. मधल्या सगळ्या प्रवासात एकही शिष्य येशूला त्या नावाने हाक मारत नाही. (योहानाचं शुभवर्तमान तर सांगतं, लोक बळजबरीने राजा करायला निघाले तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला.)

मला मात्र सगळ्यात जास्त छळतात ते तेव्हाच्या यहूदियाच्या राजाच्या, हेरोदाच्या, दरबारातले शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार. ख्रिस्त कुठे जन्मणार, असं विचारल्यावर त्यांनी मीखा संदेष्ट्याचा आधार देऊन चटकन सांगितलं: बेथलेहेम. अचूक! यरुशलेमपासून जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. पण त्यांच्यातलं कुणी तिकडे गेल्याचं मत्तय लिहीत नाही. मागी कुठून कुठून चालत आले आणि पत्ता सांगणारे जागचे हलले नाहीत.

हेरोद क्रूर होता, मत्तय सांगतो तसं, नव्या राजाला संपवण्यासाठी मारवलेल्या बेथलेहेमच्या लेकरांचं रक्त त्याच्या माथी आहे. पण एक गोष्ट त्याला नीट कळली होती: नवा राजा आला म्हणजे आपल्या सिंहासनाचं काही खरं नाही. आपण भाविक माणसं, आपल्याला ते कळत नाही. माझं सिंहासन लहानसंच आहे, घरात माझाच शब्द शेवटचा असावा एवढंच, पण त्याचे पाय मी घट्ट धरून ठेवलेत.

प्रभूच्या प्रार्थनेतलं ‘तुझे राज्य येवो’ हे मी रोज म्हणतो, बहुतेक वेळा घाईत. हेरोदाच्या कानावर ते पडलं असतं तर त्याची झोप उडाली असती. माझी कधी उडाल्याचं आठवत नाही.