‘चार कंपन्या बंद दाराआड ठरवतात’: एंटरप्राइझ आर्किटेक्चरच्या मानकांबद्दलच्या एका लाडक्या समजाला उत्तर

एंटरप्राइझ आर्किटेक्ट, म्हणजे संस्थेचं कामकाज आणि तिच्या संगणक प्रणाली यांची एकत्र आखणी करणारी मंडळी. त्यांच्या ग्रुपांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. टोगॅफची (ही आखणी कशी करावी हे सांगणाऱ्या मानकाची) नवी आवृत्ती आली किंवा आर्किमेटमध्ये (ती आकृत्यांत मांडायच्या भाषेत) बदल झाला की तो हमखास पुन्हा वर येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ही मानकं चार बड्या कंपन्या बंद दाराआड ठरवतात, बाकीच्या सदस्य संस्था फक्त माना डोलावतात. कोणी सूचना पाठवलीच तर ती केराच्या टोपलीत जाते. सगळ्यांना खूश ठेवण्याच्या नादात दस्तऐवज फुगत जातो. हेच काम एखाद्या जाणकाराने महिनाभर बसून जास्त चांगलं केलं असतं. आणि दर काही वर्षांनी नावं बदलून नवी आवृत्ती काढतात ती प्रमाणपत्र परीक्षांचं शुल्क गोळा करायला.

मला हा मजकूर घातक वाटतो. मसुद्यांच्या परीक्षणाला मी बसलो आहे, आणि तिथे कोण नसतं हे पाहिलं आहे. ज्यांनी मानक प्रत्यक्ष वापरून त्यातल्या अडचणी सोसल्या आहेत, नेमके तेच लोक ‘आपलं कोण ऐकणार’ म्हणून येत नाहीत. ते आले नाहीत की मसुदा खरोखरच उरलेल्या थोड्यांच्या हातात राहतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘चार बड्या कंपन्या ठरवतात’

आधी ही मानकं आली कुठून ते बघा. टोगॅफची पहिली आवृत्ती १९९५ची. तिचा पाया होता अमेरिकेच्या संरक्षण खात्याची टॅफिम ही चौकट, आणि ती खात्याच्या संमतीनेच वापरली गेली. आर्किमेटचा जन्म नेदरलँड्समधला. २००२ ते २००४ या काळात टेलेमाटिका इन्स्टिट्यूटच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या प्रकल्पात एबीएन एएमआरओ बँक होती, एबीपी हा पेन्शन फंड होता, तिथलं कर खातं होतं, विद्यापीठं होती. २००८ मध्ये ती भाषा ‘द ओपन ग्रुप’कडे, म्हणजे टोगॅफ सांभाळणाऱ्या सदस्य संस्थांच्या संघटनेकडे आली. म्हणजे दोन्हींच्या मुळाशी स्वतःचा पसारा आवरण्यासाठी धडपडणाऱ्या संस्था आहेत. सॉफ्टवेअर विकणारे नंतर आले.

आता मतांचं. ओपन ग्रुपच्या फोरममध्ये एका सदस्य संस्थेला एक मत असतं, मग तिच्याकडून बैठकीला एक जण येवो की दहा. आर्किटेक्चरचं वर्णन कसं करावं हे सांगणारं आयएसओ/आयईसी/आयईईई ४२०१० हे मानक आंतरराष्ट्रीय समितीत ठरतं, आणि तिथे देशागणिक एक मत.

या दाव्यात खरं काय, तेही सांगायला हवं. सदस्यत्वाला पैसे पडतात. ओपन ग्रुपच्या नियामक मंडळावर प्लॅटिनम सदस्यांना जागा असतात. पण मजकुराच्या पातळीवर मोठ्या कंपनीला जो खरा फायदा मिळतो तो वेळेचा. ती एका माणसाला पगार देऊन याच कामाला बसवू शकते, आणि एखाद्या सरकारी खात्यातला किंवा रुग्णालयातला आर्किटेक्ट दिवसभराचं काम उरकून रात्री मसुदा उघडतो. ही विषमता खरी आहे आणि ती मला डाचते. पण ती बंद दाराची गोष्ट नव्हे. दार उघडं असतं, आत बसायला सवड कोणाला आहे हा प्रश्न असतो. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

‘सूचना केराच्या टोपलीत जातात’

सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात चुकीचा मुद्दा हाच.

मसुदा परीक्षणाला निघाला की सदस्यांनी हरकती-सूचना ठरावीक नमुन्यात द्यायच्या असतात. आयएसओचा नमुना म्हणजे एक तक्ता: सूचना कोणाची, ओळ क्रमांक, कलम, परिच्छेद किंवा आकृती, सूचनेचा प्रकार (सर्वसाधारण, तांत्रिक की संपादकीय), हरकत काय आणि त्याऐवजी काय लिहावं. शेवटचा रकाना सचिवालयासाठी राखलेला असतो. तिथे त्या सूचनेचं काय केलं ते लिहावं लागतं. ओपन ग्रुपमध्येही सदस्य संस्थांच्या औपचारिक परीक्षणात बदलाची मागणी अशीच द्यायची असते: जागा, कारण, सुचवलेला बदल.

एक सूचना कशी पुढे सरकते ते बघू. समजा, एका बँकेतली आर्किटेक्ट टोगॅफच्या एडीएममधली (आर्किटेक्चर घडवण्याच्या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीतली) फेज ई वाचते आहे. आखलेल्या आर्किटेक्चरवरून प्रत्यक्ष कामांचे गठ्ठे बांधायचे ते या फेजमध्ये. तिच्या लक्षात येतं की इनपुटच्या यादीत एक दस्तऐवज दिलाय, पण फेज ए ते डी यांपैकी कोणाच्याच आउटपुटमध्ये तो नाही. मागितलाय, पण देणारं कोणी नाही. ती कलम नोंदवते, कारण लिहिते आणि पर्याय सुचवते: बी, सी आणि डी या तिन्ही फेजांच्या आउटपुटमध्ये तो घाला, वाक्य असं असावं.

संपादक त्याच कलमावर आलेल्या सगळ्यांच्या सूचना एकाखाली एक लावतो. कार्यगटाची बैठक होते, बहुतेकदा कॉलवर, कोणाची सकाळ तर कोणाची मध्यरात्र. एक जण म्हणतो, दस्तऐवज यादीतूनच काढून टाका. दुसरी सांगते, आम्ही एडीएमची आवर्तनं करतो, दुसऱ्या फेरीत तोच दस्तऐवज लागतो, काढू नका. तिसरा दाखवून देतो की तिन्ही फेजांमध्ये घातलात तर हा दस्तऐवज म्हणजे काय याचं वर्णन आर्किटेक्चर कंटेंटच्या भागातही द्यावं लागेल, आणि तिथे तर काहीच नाही. आता दोन ओळींची दुरुस्ती चार ठिकाणी पसरली. मग ‘हा मजकूर लिहून कोण आणतं?’ असा प्रश्न येतो, कोणीतरी अंगावर घेतं आणि पुढच्या बैठकीला मसुदा घेऊन येतं. निर्णय नोंदवला जातो: फेरफारासह मान्य. फेटाळली असती तर कारणासकट फेटाळल्याची नोंद झाली असती.

हे उदाहरण मी रचलेलं असलं तरी जागा मुद्दाम निवडली आहे. टोगॅफची नववी आवृत्ती फेब्रुवारी २००९ मध्ये आली. वापरणाऱ्यांकडून आलेल्या अभिप्रायांवरून २०११च्या अखेरीस ९.१ काढलं गेलं. त्यात ज्या भागांवर खूप काम झालं त्यांपैकी ठळक म्हणजे फेज ई आणि एफ. ट्रान्झिशन आर्किटेक्चर (आजच्या आणि अंतिम स्थितीमधला टप्पा), रोडमॅप आणि अंमलबजावणीची रणनीती या तीन गोष्टींची तोवर सरमिसळ होत होती, ती निस्तरली गेली. काय काय बदललं याची यादीही वेगळ्या दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. ती वाचली तर त्यामागे संस्थांमध्ये बसून काम करणारी माणसं आहेत हे लगेच कळतं.

ज्या सूचना खरंच वाया जातात त्या कशा असतात? ‘हा भाग फार जड झालाय, सोपा करा.’ आणि सुचवलेल्या बदलाचा रकाना कोरा. म्हणणं बहुतेक वेळा बरोबरही असतं. पण संपादकाने त्याचं करायचं काय? कोणतं वाक्य काढायचं, कोणतं ठेवायचं? या कामात वजन पर्यायी वाक्याला असतं. लहानशा संस्थेतल्या माणसाने नेमका मजकूर लिहून दिला आणि मोठ्या कंपनीने नुसती नापसंती नोंदवली, तर बैठकीत चर्चा लिहिलेल्या मजकुरावर होते.

‘सहमती म्हणजे फुगवटा’

सहमती म्हणजे सगळ्यांचा होकार, असं गृहीत धरल्यामुळे हा गैरसमज होतो. आंतरराष्ट्रीय मानकांच्या कामात सहमतीची व्याख्या ठरलेली आहे: महत्त्वाच्या मुद्द्यावर संबंधितांपैकी कोणत्याही मोठ्या गटाचा टिकून राहिलेला विरोध नसणे. एकमत झालंच पाहिजे असं नाही, हेही तिथे स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे एकटा हटवादी माणूस काम अडवून धरू शकत नाही, आणि बहुमताच्या जोरावर एखाद्या गटाला चिरडताही येत नाही. आयएसओमध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा मसुदा संमत व्हायला समितीच्या मत देणाऱ्या सहभागी सदस्यांपैकी दोन तृतीयांश अनुकूल लागतात, आणि एकूण मतांत विरोधी मतं एक चतुर्थांशाहून जास्त चालत नाहीत. विरोधी मताला तांत्रिक कारण जोडावं लागतं. नुसता नन्ना मोजणीतून बाद होतो.

फुगवट्याचं म्हणाल तर टोगॅफचा प्रवास उलट्या दिशेचा आहे. २०१८च्या ९.२ आवृत्तीत टीआरएम आणि ट्रिपल-आय आरएम ही दोन्ही संदर्भ प्रारूपं (नमुन्यादाखल दिलेले तयार आराखडे) मूळ मानकातून काढून ‘टोगॅफ लायब्ररी’ या पूरक दस्तऐवजांच्या संग्रहात हलवली. २०२२च्या दहाव्या आवृत्तीत तर सगळी मांडणीच बदलली. गाभा सहा दस्तऐवजांत बांधला आणि विषयवार मार्गदर्शिका बाजूला ठेवल्या. क्वचित बदलणारं एकीकडे, सतत बदलणारं दुसरीकडे. अजाइल स्प्रिंटमध्ये (कामाच्या छोट्या, ठरावीक मुदतीच्या फेऱ्यांमध्ये) एडीएम कसं वापरायचं याची मार्गदर्शिका त्यामुळे गाभ्याला हात न लावता सुधारता येते.

तरीही तडजोडीची वाक्यं असतात, हे मान्य. बंधनकारक असलेलं वाक्य एकेका मसुद्यातून जाताना ऐच्छिक होतं आणि शेवटी त्यात दमच राहत नाही. ती वाक्यं वाचताना मलाही वाईट वाटतं. पण ती सापडली की पुढच्या परीक्षणात त्यांच्यावर बोट ठेवता येतं.

‘एका जाणकाराने महिन्यात लिहिलं असतं’

लिहिलं असतं, आणि ते उत्तम पुस्तक झालं असतं. पण ते पाळायला दुसरं कोणी बांधील नसतं. दोन संस्थांच्या विलीनीकरणानंतर दोन्हीकडच्या आर्किटेक्टांना एकमेकांच्या आकृत्या वाचता येतात, त्या आधीच अनेकांनी मान्य केलेल्या नियमांमुळे.

वेळ का लागतो याचं एक उदाहरण: व्हॅल्यू स्ट्रीम. ग्राहकाला मूल्य मिळेपर्यंतचे टप्पे दाखवणारी ही कल्पना बिझनेस आर्किटेक्टांमध्ये रुळलेली होती. ओपन ग्रुपने २०१७ मध्ये तिच्यावर मार्गदर्शिका काढली. २०१८च्या टोगॅफ ९.२ मध्ये ती कंटेंट मेटामॉडेलमध्ये (आर्किटेक्चरच्या वर्णनात कोणते घटक येतात आणि त्यांची नाती काय, याच्या आराखड्यात) आली. २०१९च्या आर्किमेट ३.१ मध्ये तिला स्ट्रॅटेजीच्या घटकांमध्ये स्वतःचं स्थान आणि चिन्ह मिळालं. तोवर लोक बिझनेस प्रोसेसचं चिन्ह वापरून वेळ भागवत होते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, एक चिन्ह घालायला एवढी वर्षं? पण आर्किमेटमध्ये नवा घटक घातला की त्याचं भाषेतल्या इतर प्रत्येक घटकाशी कोणतं नातं चालतं आणि कोणतं नाही हे ठरवावं लागतं. मानकाच्या परिशिष्टात नात्यांचे तक्ते आहेत, त्यातला रकाना न् रकाना तपासावा लागतो. साखळीतून निघणाऱ्या अप्रत्यक्ष नात्यांचे नियम त्या तक्त्यांशी जुळावे लागतात. ते नियमही ३.१ मध्येच जास्त काटेकोर केले गेले. मॉडेल एका टूलमधून दुसऱ्यात नेण्याचा फाइल फॉरमॅट बदलतो. आणि जगभरच्या संस्थांनी आधी काढून ठेवलेली मॉडेलं मोडता कामा नयेत. एकट्या जाणकाराला यातलं तक्त्यांचं काम जमेलही. जुनी मॉडेलं कुठे मोडतील हे मात्र ती मॉडेलं ज्यांच्याकडे आहेत तेच सांगू शकतात.

‘नावं बदलायची आणि परीक्षा विकायच्या’

टोगॅफ ९चं प्रमाणपत्र घेतलेल्याला ९.१ किंवा ९.२ आल्यावर पुन्हा परीक्षा द्यावी लागली नाही, आणि त्या प्रमाणपत्राला मुदतही नाही. मानक ऑनलाइन मोफत वाचता येतं, संस्थेला अंतर्गत कामासाठी विनाशुल्क वापरता येतं. सल्ला किंवा प्रशिक्षण विकणाऱ्यांना व्यावसायिक परवाना लागतो, एवढंच. पैसा या व्यवस्थेत आहेच, पण आवृत्त्यांमागचं कारण त्यात शोधणं चूक.

आणि वरवर नुसतं नाव दिसतं तिथे बऱ्याचदा व्याप्ती बदललेली असते. ४२०१०ची २०११ची आवृत्ती ‘सिस्टिम ऑफ इंटरेस्ट’ (जिचं वर्णन करायचं ती सिस्टिम) धरून लिहिलेली होती. २०२२ मध्ये ती जागा ‘एंटिटी ऑफ इंटरेस्ट’ने (जिचं वर्णन करायचं ती कोणतीही गोष्ट) घेतली आणि शीर्षकातही एंटरप्राइझ आला. संपूर्ण संस्थेचं आर्किटेक्चर लिहिणाऱ्यांना तोवर स्वतःच्या संस्थेला ‘सिस्टिम’ म्हणून पुढे जावं लागत होतं. आता त्यांचा विषय मानकाच्या कक्षेत सरळ बसतो.

‘बाहेरच्याला वावच नाही’

हा मुद्दा त्या मजकुराच्या खालच्या प्रतिक्रियांमध्ये असतो. ओपन ग्रुप काही मसुदे अंतिम होण्याआधी ‘स्नॅपशॉट’ म्हणून सर्वांसाठी खुले करतो, त्यांच्यावर सदस्य नसलेल्यांनाही अभिप्राय देता येतो. आयएसओची वाट आपापल्या देशाच्या मानक संस्थेतून जाते. तिथल्या समितीत तज्ज्ञ म्हणून नाव देता येतं, आणि बऱ्याच देशांत चौकशीच्या टप्प्यावरचा मसुदा जनतेच्या हरकतींसाठी ठेवला जातो. त्या मसुद्यावरचं देशांचं मतदान १२ आठवड्यांचं असतं. पण देशाच्या समितीला आलेल्या सूचना एकत्र करून स्वतःची भूमिका ठरवायची असते, त्यामुळे सूचना घेण्याची तिची मुदत त्याआधीच संपते. शेवटच्या आठवड्यात पाठवलेली सूचना तक्त्यात पोहोचतच नाही. शिवाय आयएसओचं प्रत्येक मानक निदान पाच वर्षांतून एकदा आढाव्याला येतं: ठेवायचं, सुधारायचं की मागे घ्यायचं. २०२२च्या ४२०१०च्या अडचणी ज्यांना रोजच्या कामात जाणवतात, त्यांनी त्या आतापासून कलमवार टिपून ठेवल्या तर त्या आढाव्याच्या वेळी हाताशी असतील.