मोटर कुणाची, अस्तेय कुणाचं?

योगातल्या यमांवरचा, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय अशा वागण्याच्या व्रतांवरचा, तुमचा लेख आवडला. कपाट आवरणं म्हणजे अपरिग्रहाची (गरजेपेक्षा जास्त न साठवण्याची) सुरुवात, हेही पटलं. पण यम फक्त 'मी काय करतो' एवढ्यावर थांबत नाहीत. योगसूत्रांच्या साधनपाद या दुसऱ्या भागातल्या ३४व्या सूत्रात पतंजलींनी दोष तीन प्रकारचे धरलेत: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि नुसती संमती दिलेले. खरी गोची तिसऱ्यात आहे.

आमच्या इमारतीत सकाळी पाणी आलं की तळमजल्यावर थेट नळाला मोटर लागते. वरच्या आजींची बादली अर्धीही भरत नाही. घरघर सगळ्यांना ऐकू येते, पण 'कशाला वाईटपणा घ्या' म्हणत सगळे गप्प. मग अस्तेय, म्हणजे चोरी न करण्याचं व्रत, मोडलं कुणी, एकट्या मोटरवाल्यांनी? (ते काका योगवर्गात पहिल्या रांगेत असतात, ते सोडा.) 'बाबा घरी नाहीत म्हणून सांग' हे मुलाकडून करवलेलं असत्य, ते तर घरोघरी.

३१वं सूत्र यम पाळताना जात, स्थळ, काळ, प्रसंग कशाचीच सवलत देत नाही. संसारी माणसाला हे जरा जडच जातं. त्यापेक्षा ३३वं कामाचं वाटतं: वाईट विचार उसळला की त्याच्या उलट बाजूचा विचार मुद्दाम करायचा. सोसायटीच्या मीटिंगआधी एवढं जमलं तरी पुष्कळ.

पुढच्या लेखात संतोष (आहे त्यात समाधान मानणं) आणि पगारवाढ मागणं यांचा मेळ कसा घालायचा, तेवढं लिहा.