आजारात मोजलेला स्वभाव

मानसिक चाचण्यांचा रिपोर्ट हातात पडला की घरचे पहिला प्रश्न विचारतात, "म्हणजे यांचा स्वभावच असा आहे का?" माझं स्पष्ट मत आहे की ऐन डिप्रेशनमध्ये केलेल्या चाचणीवरून याचं उत्तर कुणी देऊ नये.

मूडच्या चाचण्या आत्ताचं विचारतात. पीएचक्यू-९ या डिप्रेशनच्या प्रश्नावलीतले नऊही प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, जास्तीत जास्त गुण २७, आणि जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. आज २२ आले आणि उपचारांनंतर ९ झाले, तर चाचणीनं तिचं काम केलं. (त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. बेरीज कितीही कमी असो, तिथे खूण असेल तर त्याच दिवशी त्या माणसाशी बोलायला हवं.) डिप्रेशनचंच हॅमिल्टन स्केल १९६० चं. ते रुग्ण भरत नाही, मुलाखत घेणारा भरतो, आणि तेही निदान झालेल्या माणसाच्या आजाराची तीव्रता मोजायला.

व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांकडून आपली अपेक्षा वेगळी असते, वर्षानुवर्षं टिकणारं काहीतरी कळावं अशी. एमएमपीआय-२ या अशाच एका चाचणीत ५६७ विधानं, प्रत्येकाला बरोबर किंवा चूक. पण उत्तरं देणारा माणूस आजचाच असतो ना! खचलेल्या मनाला आपलं सगळं आयुष्य तसंच गेल्यासारखं वाटतं. डिप्रेशनमध्ये न्यूरोटिसिझमचे, म्हणजे पटकन काळजीत किंवा उदासीत जाण्याच्या स्वभावाचे, गुण वाढतात आणि बरं वाटू लागलं की बरेचदा उतरतात. शिवाय एमएमपीआयमधली दुसरी क्लिनिकल स्केल (त्रासाचा एकेक प्रकार मोजणारा विधानांचा गट) चक्क डिप्रेशनचीच आहे, म्हणजे ही चाचणीसुद्धा निव्वळ स्वभाव मोजत नाही. सगळ्यात जास्त मला याच चाचणीतली, उत्तरं कितपत विश्वासार्ह आहेत हे बघणारी एफ स्केल खटकते. उत्तरं बहुतेक लोकांपेक्षा फार वेगळी आली की ती वर जाते, आणि "पेशंट वाढवून सांगतोय" अशी शंका घेतली जाते. खरोखर फार त्रासात असलेल्या माणसाचीही ती वर जाते. त्याचं दुखणंच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतं, हे मला सहन होत नाही.

उलटी चूकही होते, नाही असं नाही. नात्यांमध्ये वर्षानुवर्षं तेच ते घडत असतं आणि दर वेळी फक्त गोळ्या बदलल्या जातात. पण "पर्सनॅलिटी डिसऑर्डर", म्हणजे स्वभावाच्या घडणीतच बिघाड आहे, हा शिक्का एकदा फाइलवर बसला की पुढचा प्रत्येक डॉक्टर त्यातूनच त्या माणसाकडे बघतो.

म्हणून व्यक्तिमत्त्वाच्या रिपोर्टवर त्या दिवशीचा मूडचा स्कोअर आणि चालू औषधं लिहिलेली असावीत. आजारापूर्वी माणूस कसा होता, हे घरच्यांना नीट बसवून विचारावं. मूड उतरलेला असताना शंका आलीच, तर ती शंका म्हणूनच लिहावी आणि माणूस सावरल्यावर चाचणी पुन्हा घ्यावी.